कुत्र्यांसाठीची जेलची थंड गादी
एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा ४० अंशांच्या आसपास पोहोचला, की आमचा पग फरशीवर पोट टेकून धापा टाकत राहतो. चपट्या नाकामुळे त्याला तेवढ्याने अंग पुरेसे थंड करता येत नाही, म्हणून ही गादी घेतली. वीज वा पाणी न लागता ती अंगातील उष्णता शोषते, मात्र बराच वेळ बसल्यावर स्वतःच कोमट होते आणि काही काळ सावलीत मोकळी ठेवावी लागते, ही बाब वेष्टनावर ठळक छापायला हवी होती. कोपरा चावून फाटल्यास जेल पोटात जाण्याचा धोका असल्याने पिल्लांसाठी ती नकोच. शहाबादी फरशीच्या जुन्या वाड्यात तिची फारशी गरज नाही. गच्चीखालच्या तापणाऱ्या सदनिकेत मात्र, पंखा सुरू ठेवून आणि शेजारी पाण्याचे भांडे ठेवून, ती उपयोगी पडते.