असेत्तो कोर्सा आणि फॉर्म्युला वनने मागे सोडलेली सर्किटं: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

असेत्तो कोर्सा हे कॉम्प्युटरवरचं मोटार शर्यतीचं सिम्युलेटर. नव्या सुपरकार पळवण्यासाठी किंवा ऑनलाइन शर्यतींसाठी ते घेणाऱ्यांना या रिव्ह्यूचा फारसा उपयोग नाही. मी असेत्तो कोर्सा घेतला तो एकाच कारणासाठी. ज्या रस्त्यांवर एकेकाळी जगज्जेते ठरले आणि जे आज फॉर्म्युला वनच्या वेळापत्रकात नाहीत, ते रस्ते मला स्वतःच्या हातांनी चालवून पाहायचे होते. गेल्या पावसाळ्यात सुरुवात केली आणि अजून थांबलेलो नाही.

आधी सामानाबद्दल, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. फोर्स फीडबॅक असलेलं, म्हणजे रस्त्याचे धक्के हाताला जाणवून देणारं स्टीअरिंग, तीन पेडल आणि हाताने गिअर टाकायचा वेगळा दांडा एवढं तरी हवंच. जुन्या गाड्या कीबोर्डवर किंवा गेमपॅडवर चालवण्यात अर्थ नाही. जमलं तर डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट घ्या. सपाट पडद्यावर चढ-उतार कळत नाहीत आणि जुन्या सर्किटांचा अर्धा जीव त्या चढ-उतारांतच आहे. खेळ २०१४ मध्ये पूर्ण स्वरूपात आला, त्यामुळे आजचा मध्यम ताकदीचा कॉम्प्युटरही पुरतो. बनवणारी कुनोस सिमुलाझिओनी ही कंपनी इटलीची. त्यांनी बहुतेक आधुनिक ट्रॅक लेसरने मोजून घेतले आहेत, म्हणून डांबरातला लहानसा उंचवटासुद्धा हाताला जाणवतो.

माझा सर्वाधिक वेळ गेला जर्मनीतल्या नॉर्डश्लायफेवर. न्यूर्बुर्गरिंगचा हा उत्तरेकडचा वळसा, आयफेलच्या डोंगरांतला. १९७६ पर्यंत जर्मन ग्रांप्री इथे व्हायची तेव्हा एक फेरी २२.८ किलोमीटरची होती, आज २०.८ किलोमीटरची आहे. पहिले काही आठवडे मला पुढचं वळण कुठलं हेच आठवत नव्हतं. हात नकाशा पाठ करतात, डोकं मागून येतं. फुक्सरोहरेचा उतार पूर्ण वेगात उतरून तळाशी गाडी दबते तेव्हा स्टीअरिंग जड होतं आणि लगेच समोर चढ येतो. फ्लान्त्सगार्टेनला चाकं जमीन सोडतात. काराचिओला-कारुसेलच्या काँक्रीटच्या खोलगट वळणात डावी चाकं टाकली की सगळं टेबल हादरतं.

इथे मी दोन गाड्या आलटून पालटून चालवतो. एक मासेराती २५०एफ. हुआन मॅन्युएल फँजिओने १९५७ मध्ये याच गाडीने इथे हॉथॉर्न आणि कॉलिन्स यांच्या फेरारींना गाठलं होतं. टायर बदलायला थांबल्यामुळे तो खूप मागे पडला, मग फेरीमागून फेरी विक्रम मोडत आला आणि ३.६ सेकंदांनी जिंकला. ती गाडी हातात घेतल्याशिवाय त्या विजयाची किंमत कळत नाही. टायर अरुंद, ब्रेक ड्रमचे आणि प्रत्येक वळणात मागचा भाग बाहेर सरकणारा. तिला वळवायचं नसतं, घसरू देत सांभाळायचं असतं. दुसरी गाडी फेरारी ३१२टी. निकी लाउडाने १९७५ च्या पात्रता फेरीत या गाडीने ६ मिनिटं ५८.६ सेकंदांची वेळ दिली. सात मिनिटांच्या आत इथली पूर्ण फेरी मारणारा तो पहिला. खेळातला रस्ता त्याहून दोन किलोमीटर लहान असूनही ती वेळ मला स्वप्नवत वाटते.

एक गोष्ट घेण्याआधी माहीत असलेली बरी. खेळातली नॉर्डश्लायफे आजची आहे. फँजिओच्या काळी रस्त्याला झुडपांच्या रांगा, चर आणि झाडं होती. १९७० मध्ये चालकांनी तिथे शर्यत करायला नकार दिला, ती शर्यत जर्मनीतल्याच हॉकेनहाइम सर्किटला गेली आणि त्यानंतर इथे लोखंडी कठडे आले, काही उंचवटे कापले गेले. म्हणजे गाडी १९५७ ची असली तरी रस्ता आजचाच.

आणि तरीही हा रस्ता फॉर्म्युला वनमधून का गेला, हे इथेच सगळ्यात स्पष्ट कळतं. कुठलाही व्हिडिओ ते सांगू शकला नव्हता. पूर्ण फेरीत असे कितीतरी भाग येतात जिथे आजूबाजूला फक्त जंगल आहे. १ ऑगस्ट १९७६ रोजी लाउडाची फेरारी बर्गवेर्क वळणाच्या अलीकडे आदळून पेटली तेव्हा त्याला बाहेर काढलं ते मागून आलेल्या चालकांनीच. मेर्झारिओ, लंगर, एडवर्ड्स आणि एर्टल ही ती चार नावं. बावीस किलोमीटरभर अग्निशामक आणि डॉक्टर पुरेसे जवळ ठेवणं शक्यच नव्हतं. टेलिव्हिजनचे कॅमेरेही तेवढा रस्ता व्यापू शकत नव्हते. मी बर्गवेर्कला पोहोचतो तेव्हा मागचं मनुष्यवस्तीचं ठिकाण केव्हाच सुटलेलं असतं. फॉर्म्युला वन इथून हलवण्याचा निर्णय योग्य होता असं माझं ठाम मत आहे आणि मी या रस्त्यावर जीव टाकतो म्हणूनच ते ठाम आहे. तिथे आजही चोवीस तासांची शर्यत होते, सामान्य लोक पैसे भरून आपली गाडी पळवतात. रस्ता जिवंत आहे.

इटलीतलं मोंझा, १९६६ च्या रूपातलं, मी कमी चालवलं. वेग कमी करायला लावणारी नागमोडी वळणं (शिकेन) १९७२ मध्ये आली, त्याआधीचं हे मोंझा म्हणजे सरळ रस्ते आणि समोरच्या गाडीच्या मागे वारा चुकवत चिकटून राहणं. लोटस ४९ घेऊन इथे उतरा. १९६७ मध्ये जिम क्लार्क याच गाडीने एक पूर्ण फेरी मागे पडूनही पुढे आला होता आणि शेवटच्या फेरीत इंधन कमी पडल्याने तिसरा आला. दहा किलोमीटरचा पर्यायही आहे, तिरक्या भिंतीसारख्या काँक्रीटच्या वळणांसकट. ती वळणं इतकी खडबडीत आहेत की व्हीआरमध्ये नजर स्थिर राहत नाही. १९६१ च्या शर्यतीत चालक फॉन ट्रिप्स आणि डझनाहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. तो अपघात या तिरक्या वळणांवर झाला नव्हता, पण त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत त्या वळणांवर परत कधीच झाली नाही.

ब्रँड्स हॅचबद्दल मात्र मन शांत होत नाही.

इंग्लंडमधल्या केंट परगण्यातलं हे सर्किट १९६४ पासून १९८६ पर्यंत सम वर्षांना ब्रिटिश ग्रांप्री भरवत होतं, विषम वर्षी सिल्व्हरस्टोन. पहिलंच वळण पॅडॉक हिल. उजवीकडे वळता वळता पायाखालची जमीनच खाली निघून जाते. गाडी वळणात टाकता तेव्हा वळणाचा शेवट दिसत नाही, आंधळेपणाने विश्वास ठेवावा लागतो. मग तळाशी दबून लगेच ड्रुइड्सची चढण. मी इथे लोटस ९८टी चालवतो, १९८६ मध्ये आयर्तन सेन्नाने चालवलेली टर्बो गाडी. अ‍ॅक्सलरेटर दाबला की आधी काहीच होत नाही आणि मग सगळी ताकद एकदम येते. त्यामुळे वळणातून बाहेर पडायच्या खूप आधी पाय टाकावा लागतो. जंगलातल्या भागात, हॉथॉर्न नावाच्या वळणाकडे जाताना, या गाडीत पोट आत ओढलं जातं. त्याच वर्षी इथल्या शेवटच्या ग्रांप्रीत सुरुवातीलाच झालेल्या अपघातात जॅक लाफितचे पाय मोडले आणि त्याची फॉर्म्युला वन कारकीर्द तिथेच संपली. म्हणजे धोका खरा होता. कडेला जागा नव्हती, हेही खरं. पण १९८७ पासून ब्रिटिश ग्रांप्री सिल्व्हरस्टोनला गेली ती दीर्घ मुदतीच्या कराराने. आलटून पालटून शर्यत देण्याची पद्धतच संपली आणि ब्रँड्स हॅचला सुधारायची संधी उरली नाही. नॉर्डश्लायफेची आणि या सर्किटची कहाणी एकच समजली जाते, ते मला पटत नाही.

स्वयंसेवकांनी बनवलेले मॉड, म्हणजे खेळात वरून बसवायच्या जोडण्या, हा या सिम्युलेटरचा दुसरा खजिना. दर्जा कमी-जास्त असतो. बेल्जियममधलं जुनं स्पा मिळतं, सार्वजनिक रस्त्यांवरचं, चौदा किलोमीटरचं, घरांच्या भिंतींमधून मास्ताच्या वळणाकडे पूर्ण वेगात जाणारं. फॉर्म्युला वन तिथे शेवटचं १९७० मध्ये झालं. पुढे स्पाने अर्धा रस्ता सोडून सात किलोमीटरचं नवं सर्किट बांधलं आणि १९८३ मध्ये फॉर्म्युला वन परत आलं. जुनं आणि नवं स्पा एकाच संध्याकाळी चालवा. काय सोडलं आणि काय राखलं ते कळतं, आणि राखलेलं पुष्कळ आहे. ला सूर्स, ओ रूज, ब्लांशिमों ही वळणं. धोक्यावर असा उपाय करता येतो.

जुनं हॉकेनहाइम मात्र आता फक्त इथेच उरलं आहे. जंगलातून जाणारे लांब सरळ रस्ते, एकूण ६.८ किलोमीटर. २००२ मध्ये ते साडेचार किलोमीटरवर आणलं, जंगलातलं डांबर उखडून काढलं आणि तिथे झाडं लावली. त्या रस्त्यावर फेरी मारताना हात गार पडतात.

आजच्या वेळापत्रकाकडे पाहिलं की काळजी वाटते. स्पाला २०२६, २०२७, २०२९ आणि २०३१ एवढीच वर्षं मिळाली आहेत. नेदरलँड्समधल्या झांडफोर्टने २०२६ ची शर्यत शेवटची ठरवली, कारण तिथल्या आयोजकांमागे सरकारी पैसा नाही. इटलीतलं इमोला २०२६ मध्ये नाही. ही तिन्ही सर्किटं आजच्या सुरक्षेच्या निकषांवर उतरतात. आता सर्किटं जातात ती यजमानपदाच्या रकमेमुळे, आणि ज्यांच्यामागे सरकारी तिजोरी आहे त्यांच्याशी एखादा खाजगी आयोजक किती काळ बरोबरी करणार? आपलं बुद्ध सर्किट तीन शर्यतींनंतर कराच्या वादात अडकून गेलं, तेव्हा हे आपल्यालाही नवं नाही.

उणिवा. मूळ खेळात पाऊस नाही, रात्र नाही. त्यासाठी वेगळे मॉड बसवावे लागतात. १९६८ मध्ये जॅकी स्टुअर्ट धुक्यात आणि पावसात नॉर्डश्लायफेवर चार मिनिटांहून अधिक फरकाने जिंकला, तो दिवस मूळ खेळात उभा करता येत नाही. दुसरी उणीव कुठल्याच सिम्युलेटरची भरून निघणार नाही. आदळल्यावर मी एक बटण दाबतो आणि गाडी पुन्हा पिटमध्ये उभी असते. म्हणून नुकसानीचं सेटिंग शंभर टक्के ठेवा आणि अपघात झाला की तो दिवस तिथेच संपवा. चालवण्याची पद्धतच बदलते, ब्रेक लवकर लागतात.

घ्यावं का? जुन्या शर्यतींवर प्रेम असेल तर नक्की. नॉर्डश्लायफेचा ट्रॅक जास्तीच्या पॅकमध्ये येतो, तो समाविष्ट असलेली आवृत्तीच घ्या. सुरुवात ब्रँड्स हॅचने करा, हळू गाडीने, खेळ चालकाला देतो ती सगळी मदत बंद करून. पॅडॉक हिल जमू लागलं की मग मासेरातीला हात लावा.