एफवायचा ब्रिज कोर्स: पाचपैकी चार स्टार

मी मंगळवेढ्याकडचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम, घरातून कॉलेजला आलेला पहिलाच. बारावी सायन्स रट्टा मारून काढलं आणि पुण्यात बीएस्सीला आलो. आमच्या कॉलेजात एफवाय म्हणजे पहिल्या वर्षवाल्यांसाठी, शाळा-कॉलेजातलं अंतर भरून काढायला, तीन आठवड्यांचा ब्रिज कोर्स असतो, सकाळी साडेसात ते नऊ, फी नाही. गावाकडची पोरं विचारतायत जॉइन करू का, म्हणून लिहितोय.

फिजिक्सच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. एकीकडे चाल, वेग, त्वरण, संवेग आणि समोर स्पीड, व्हेलॉसिटी, अ‍ॅक्सलरेशन, मोमेंटम. खरं सांगतो, दोन वर्षं जे मोमेंटम मी नुसतं पाठ करत होतो तो आपला नववीतला संवेग, वस्तुमान गुणिले वेग, अरे हे तर मला येत होतं! त्या दिवशी वहीत लिहिताना हात थांबत नव्हता.

ब्रिज कोर्सबाहेरच्या, कॉलेजच्या नेहमीच्या एका तासाला एका सरांनी विचारलं होतं, मराठी मीडियमवाले कोण कोण, उभे राहा. सगळा वर्ग वळून बघतोय. त्यानंतर महिनाभर त्यांच्या तासाला मी तोंड उघडलं नाही. मॅडम असं कधीच करत नाहीत. शेवटची पाच मिनिटं सगळ्यांनी चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा, नाव नाही टाकायचं, दुसऱ्या दिवशी तास तिथूनच सुरू. मी लिहिलं होतं, व्हायवा म्हणजे काय असतं? तर त्यांनी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात देऊन एकेकाची खोटी व्हायवाच, म्हणजे तोंडी परीक्षाच घेतली, लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप किती, ०.०१ सेंमी, कसा काढला ते सांग, मराठीत सांगितलं तरी चालेल. एटीकेटीचंही तिथेच कळलं, राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षात जाता येतं. आमच्या रूमवरचा एक जण गेल्या वर्षी एका विषयात राहिला तर वर्ष गेलं समजून बॅग भरून गावाला निघाला होता, कोणी सांगणारंच नव्हतं ना.

एक तास फक्त कमवा व शिका योजनेवर होता, फॉर्म वर्गातच भरून घेतले. आता मी दुपारी लायब्ररीत काम करतो, तासावर पैसे मिळतात. वडील फोनवर घाबरले, शिक्षण सोडलं की काय, मग म्हटलं अहो, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची योजना आहे, ज्यांनी १९१९ला रयत शिक्षण संस्था काढली तेच, तेव्हा कुठे शांत झाले.

एक स्टार कापला तो वेळेसाठी. मेस आठला उघडते, उपाशीपोटी बसावं लागतं, आणि लांबून बसने येणाऱ्यांचा पहिला अर्धा तास जातोच. शिवाय तीन आठवडे फार कमी, निदान पहिल्या इंटर्नल परीक्षेपर्यंत तरी चालवा.

ब्रिज कोर्सचा फॉर्म डिपार्टमेंटला मिळतो बरं का, मी दोन दिवस ऑफिसच्या रांगेत घालवले.