ॲक्सोलोटलच्या टबावर क्लिपचा पंखा: बेळगावच्या उन्हाळ्यात किती चालतो?

पाय किंवा कल्ला तुटलेल्या ॲक्सोलोटलला (पाण्यातच राहणाऱ्या, चार पायांच्या पाळीव उभयचराला) वेगळ्या टबात काढलं की औषधाच्या आधी गार पाणी लागतं. १६ ते १८ अंशांत जखम स्वच्छ राहते आणि पाय हळूहळू पुन्हा फुटतो. पाणी २४ च्या वर राहिलं तर प्राणी खाणं सोडतो आणि जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी धरते. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) महाग पडतो, म्हणून टबाच्या काठाला क्लिपने लावायचा, यूएसबीवर चालणारा दोन तोंडांचा पंखा घेतला जातो.

हा पंखा माठाच्याच तत्त्वावर काम करतो, पाण्याची वाफ होते आणि उरलेलं पाणी गार होतं. मार्च ते मे बेळगावात दुपारची हवा कोरडी असते, तेव्हा पाणी २ ते ४ अंश उतरतं. पण खोलीच ३२ अंशांवर असेल तर पाणी २८ लाच अडकतं, आणि जखमी प्राण्याला ते धोक्याचं आहे. पावसाळ्यात हवा ओली, पंख्याचा उपयोग जवळजवळ शून्य. सुदैवाने बेळगाव-खानापूरकडे तेव्हा खोलीच गार असते. अथणी-चिक्कोडीच्या उन्हाळ्यात फक्त पंख्यावर अजिबात विसंबू नका.

जोडीला बर्फाची बाटली हवीच. अर्ध्या लिटरची बाटली पाऊण भरून गोठवा आणि झाकण घट्ट लावून तरंगत सोडा. २० लिटर पाणी एका बाटलीने साधारण २ अंश उतरतं. दुसरी बाटली थर्मामीटर बघूनच टाका, कारण तापमान एकदम पडणंही वाईट. सुटा बर्फ पाण्यात टाकू नका.

पंखा लावायचा तर टबावर बंद झाकण चालत नाही, वाफ अडते. मच्छरदाणीची जाळी ताणून बांधा, नाहीतर प्राणी बाहेर उडी मारतो. टबाच्या गोल काठावर क्लिप घसरते, ही या पंख्याची मोठी खोट. मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला की ती धरून राहते. अ‍ॅडॅप्टर टबापेक्षा उंच ठेवा आणि वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत जात नाही.

टबात फिल्टर नसतो, म्हणून रोज सगळं पाणी बदला, नाहीतर विष्ठेतला अमोनिया जखम चिघळवतो. नव्या नळाच्या पाण्यात क्लोरीन काढणारे थेंब घाला आणि तापमान जुन्याइतकंच ठेवा. बुरशी दिसली तर वेगळ्या डब्यात १ लिटर पाण्याला २ छोटे (चहाचे) चमचे आयोडीन नसलेलं मीठ, १० मिनिटं, त्याहून जास्त नाही. लगेच साध्या पाण्यात परत सोडा.

वीज जाते तेव्हा पंखा पॉवर बँकेवर चालतो, हे याचं खरं मोल. मात्र काही पॉवर बँक एवढ्या कमी करंटवर आपोआप बंद होतात, तेव्हा घरी आणल्यावर तासभर चालवून बघा.