घणसोली ते तापोळ्यापलीकडचं गाव, रिटर्न पिकअपने घरसामान नेलं त्याचा अनुभव

आबांनी २६ वर्षं वाशीच्या फळ मार्केटला माथाडी काम केलं, रिटायर झाल्यावर म्हणाले आता गावालाच राहायचं, म्हणून या जानेवारीत घणसोलीची खोली रिकामी केली. गाव आमचं कोयना धरणाच्या पाण्याच्या पलीकडच्या काठाला, म्हणजे आधी महाबळेश्वर, तिथून घाट उतरून तापोळा, आणि तापोळ्याला गाडी तराफ्यावर (गाड्या नेणारी सपाट बोट) चढवून पलीकडे. आमच्या १०५ गावातल्या (या खोऱ्यातल्या गावांना असंच म्हणतात) लोकांना हे सांगायला नको पण बाकीच्यांसाठी लिहिलं.

आधी दोन पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांना विचारलं. एकाने ३८ हजार सांगितले आणि तेही महाबळेश्वरपर्यंतच, पुढचं तुमचं तुम्ही बघा. दुसऱ्याने पाण्यातून गाडी न्यायची म्हटल्यावर नाहीच म्हटलं. मग आबाच म्हणाले, अरे स्ट्रॉबेरीच्या गाड्या रोज पहाटे मार्केटला येतात, माल उतरवला की रिकाम्याच घाट चढतात, त्यांना विचार. आणि खरंच आमच्याच खोऱ्यातला एक दादा मिळाला, बोलेरो पिकअप स्वतःची, रिटर्न भाडं १४ हजार, त्यात तराफ्याचे पैसे आणि गावातली दोन पोरं उतरवायला. एवढ्यात कोणीच नेलं नसतं.

सकाळी साडेसातचं ठरलं होतं, दादा आला दहाला. मार्केटला माल उतरायला वेळ लागला म्हणाला, पण एक फोन करायला पाहिजे होता, आम्ही सगळं बांधून जिन्यात बसलेलो. गाडीत त्याचे रिकामे क्रेट पण होते, मला वाटलं जागा गेली, पण त्याने आईची सगळी भांडी, डबे त्या क्रेटमध्येच भरले आणि ते खाली रचून वर गाद्या टाकल्या. फ्रिज उभाच बांधला, गोदरेजच्या कपाटाला चारी बाजूंनी गोधड्या गुंडाळल्या, वर ताडपत्री. भरलेला सिलेंडर घेणार नाही म्हणाला, तो एजन्सीत जमा केला, ते बरोबरच आहे.

आबा सारखे उचलायला पुढे येत होते. दादा म्हणाला, "आबा, लय ओझी उचलली तुमी, आज फक्त कुठं काय ठेवायचं ते सांगा." आबा खाली खुर्चीवर बसले आणि सांगत राहिले, कपाट आधी, दिवाण मग. मला तेव्हा बोलायला सुचलं नाही पण त्या एका वाक्यासाठी मी या माणसाला कायम धरून राहणार.

रस्ता गोवा हायवेने पोलादपूर आणि मग आंबेनळी घाट. घाटात एकदाही घाई नाही, वळणावर हॉर्न, समोरून एसटी आली की आधीच कडेला थांबायचा. महाबळेश्वरला डिझेल भरलं आणि तिथूनच तराफ्यावाल्याला फोन लावला की आम्ही येतोय, थांबा, कारण खाली उतरलं की रेंजचा भरवसा नाही. तापोळ्याला पोचलो तेव्हा ऊन डोंगरामागं गेलेलं. फोन झाला नसता तर रात्र काठावर काढावी लागली असती. बाहेरच्या ड्रायव्हरला हे कुठून माहीत असणार.

तराफ्यावर गाडी रिव्हर्समध्ये चढवली, चाकांखाली दगड लावले, सगळ्यांना गाडीतून खाली उतरवलं. जानेवारीत पाणी बऱ्यापैकी वर असतं म्हणून धक्क्यापर्यंत गाडी सहज जाते, मे महिन्यात पाणी खाली जातं मग चिखलातला कच्चा उतार उतरावा लागतो आणि भरलेली गाडी तिथे फसू शकते. पावसाळ्याचं तर नावच काढू नका. शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारी सामान हलवा, स्ट्रॉबेरीचा सीझन पण तेव्हाच जोरात असतो. मधे पाण्यात आबांनी बोट करून दाखवलं, इथं खाली आपलं जुनं घर. १९६० च्या दशकात धरणाचं पाणी चढलं तेव्हा आजोबांनी भांडीकुंडी, दारं, वासे सगळं डोक्यावरून वरच्या माळाला नेलं होतं.

आता खटकलं ते. आईच्या ड्रेसिंग टेबलचा आरसा तडकला, त्याला गोधडी नव्हती लावली, दादाने बघून ५०० रुपये कमी घेतले पण आरसा मी स्वतः मांडीवर घ्यायला पाहिजे होता. बिल वगैरे काही मिळत नाही, इन्शुरन्स नाही, सगळं शब्दावर. ज्याला ऑफिसकडून शिफ्टिंगचे पैसे घ्यायचे असतील त्याने हे आधीच बघा. आणि वेळेचं म्हणाल तर मार्केटवर अवलंबून, त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

तरी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा उशिरासाठी कापला. पोरांनी अंधारात बॅटरी धरून कपाट वरच्या घरापर्यंत नेलं, पायवाट चढाची आहे, एकाने पण कुरकुर केली नाही. आईने सगळ्यांना पिठलं-भाकरी केली. दादा जेवून गाडीतच झोपला कारण तराफा सकाळीच.

दादाला विचारल्याशिवाय नंबर टाकत नाही. पहाटे वाशीच्या फळ मार्केटला जा आणि महाबळेश्वरकडच्या गाड्या कुठल्या ते विचारा, पण दोन-तीन दिवस आधी ठरवा आणि तराफ्याचे पैसे भाड्यात धरलेत का ते स्पष्ट बोलून घ्या.