४० लिटरची सॅक, पाच महिने वापरून

सॅक घ्यायच्या आधी मी पण रिव्ह्यू वाचत बसले होते आणि सगळे "दोन वीकेंड वापरली, मस्त आहे" टाइपचे, म्हणून ठरवलं की पाच महिने पाठीवर घेऊन फिरल्याशिवाय लिहायचं नाही. आम्ही दोघं पुण्याचे, सह्याद्रीत भटकलेले, त्यामुळे अंगात जरा माज. बोलिव्हिया, पेरू, इक्वेडोर केलं. माझी ही ४० लिटरची, समोरून बॅगेसारखी पूर्ण उघडणारी. नवऱ्याची दुसऱ्या कंपनीची, ६० लिटरची, वरून तोंड असलेली, "असू दे गं, लागेल" म्हणून घेतलेली.

निकाल पहिल्या चार दिवसांतच लागला, बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये.

तिथलं विमानतळ वर एल आल्तोला, ४,००० मीटरच्याही वर, आणि शहर खाली खोलगटात, पण खाली म्हणजे तरी ३,६०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. आकडे तोंडपाठ होते हो, पण हॉस्टेल सागार्नागा रस्त्याच्या वरच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि राजगड धावत चढणारा माझा नवरा दर आठ पायऱ्यांनी कठडा धरून उभा. मी पण धापा टाकतच होते, खोटं कशाला बोलू, पण माझ्या पाठीवर नऊ किलो होते आणि त्याच्या सोळा. इथे एक गोष्ट कळली: कमरेचा पट्टा घट्ट आवळायचा, सगळं वजन खुब्यावर घ्यायचं, आणि छातीवरचं बक्कल चक्क सोडून द्यायचं. आधीच हवा पुरत नाही, त्यात ते आवळलं की जीव घुसमटतो. या सॅकचा कमरेचा पट्टा जाड आहे, खांदे एकदाही भरून आले नाहीत. त्याला पैकीच्या पैकी मार्क.

रात्री दोनला थंडीने जाग आली. मी चेन उघडली, स्वेटर वरच होता, घातला, झोपले. नवऱ्याचा स्वेटर तळाशी, त्यामुळे अख्खी सॅक पलंगावर उपडी, आणि त्यातून काय निघालं तर चिवडा. सासूबाईंनी पाकिटं पक्की सील करून दिली होती, तेवढ्या उंचीवर बाहेरचा दाब कमी म्हणून सगळी उशीसारखी टम्म फुगलेली आणि एक आतच फुटलेलं. वर टूथपेस्टचं झाकण उडालेलं. चिवडा, टूथपेस्ट आणि थर्मल. तो म्हणाला, "तू बोलू नकोस." मी काही बोललेच नव्हते!

दुसरा दिवस डोकं धरून कोकाच्या पानांचा (कोकेन ज्यापासून काढतात तीच पानं) चहा पीत गेला. संध्याकाळी हॉस्टेलच्या किचनमध्ये मुगाच्या खिचडीचा घाट घातला, पण तिथे पाणी ८७-८८ डिग्रीलाच उकळतं आणि कुकर नाही, दीड तासानेही डाळ दाताखाली कचकच. शेवटी ब्रेड खाऊन झोपलो. सकाळी साल्तेन्या खाल्ला, करंजीसारखा दिसतो पण आत रस्सा असतो, आधी कोपरा चावून तो पिऊन घ्यायचा. मला हे नंतर कळलं. डाव्या पट्ट्यावरचा डाग अजून आहे.

आता तक्रार. चौथ्या दिवशी, रविवारी, केबल कारच्या लाल लाइनने एल आल्तोच्या बाजारात गेलो (ही लाइन २०१४ पासून आहे, तीन बोलिव्हियानो तिकीट, खाली विटांची घरं आणि स्मशानभूमी, समोर बर्फाचा इयिमानी डोंगर, पैसे वसूल). गर्दी म्हणून सॅक पोटावर घेतलेली, आणि तिथे मेन चेन फाकली. रनर पुढे जातोय, दाते मागे उघडेच. चौथ्या दिवशी! कंपनीला मेल केला तर बिल आणि फोटो मागितले, दिले, मग शांतता. शेवटी फुटपाथवर शिलाई मशीन घेऊन बसलेल्या एका काकांनी पकडीने रनर दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला, दात्यांवर मेणबत्ती घासली, दहा बोलिव्हियानो घेतले. नंतर उयुनीच्या मिठागरात सगळ्या चेनमध्ये खारट धूळ गेली, छोट्या खिशाची चेन तिथे कायमची बसली, पण काकांनी दाबलेली मेन चेन आजही चालू आहे. तेव्हा पक्कड नाही तर निदान मेणबत्तीचा तुकडा जवळ ठेवाच.

बाकी पटकन. रेन कव्हर ठीक, जोराच्या पावसात तळाशी पाणी साचतं. पाठीची जाळी छान. वरचा चपटा खिसा पासपोर्ट आणि यलो फीव्हरच्या लसीच्या कार्डासाठी बेस्ट. आणि परतीच्या आधी सगळे खिसे झटका, माझ्या एका खिशात कोकाची पानं राहिली होती, तिकडे ती भाजीबाजारात मिळतात, आपल्याकडे गुन्हा आहे.

घ्यावी का? हो, पण दुकानातच सॅक गच्च भरून चेन वीसेक वेळा उघड-बंद करून बघा. नवऱ्याने सुक्रेला पोचेपर्यंत दोन जीन्स आणि एक जॅकेट वाटून टाकलं होतं. त्याची ६० लिटरची आता माळ्यावर आहे, आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळा ठेवायला. त्याला जागा भरपूर आहे तिच्यात.