सिमेथिकोनचे कोलिक ड्रॉप्स: काही महिने वापरल्यावर

दिवेलागण झाली की मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होईस्तोवर रडणारं लेकरू ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी लिहिते. आमचं पोरगं दूध नीट प्यायचं, वजनही वाढत होतं, पण संध्याकाळ अख्खं गाव ऐकेल अशी जायची. तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांनी तपासून कोलिक, म्हणजे धडधाकट बाळाचं कारण न कळणारं रडणं, असल्याचं सांगितलं आणि हे थेंब लिहून दिले.

सिमेथिकोन पोटातले वायूचे बारीक बुडबुडे फोडतं. ते रक्तात शोषलं जात नाही, शीतून निघून जातं, त्यामुळे त्रास काही दिसला नाही. बाटली मात्र दर वेळी नीट हलवायची. गुण आला का? कधी थेंब दिल्यावर वारा सरून पोरगं निजायचं, कधी काही न देताही तेवढ्याच वेळात शांत व्हायचं. १९९४ च्या एका चाचणीतही हे थेंब आणि बिनऔषधाचे थेंब यांच्यात फरक आढळला नव्हता. माझ्याकडून पाचपैकी दोन.

कोलिक हे नाव मोठ्या आतड्याच्या ग्रीक नावावरून पडलं, पण बाळाच्या या रडण्याचं मूळ आतड्यातच आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. १९५४ साली अमेरिकेतले डॉ. मॉरिस वेसल यांनी त्याचं माप ठरवलं: दिवसात ३ तासांहून जास्त, आठवड्यात ३ दिवसांहून जास्त आणि ३ आठवड्यांहून जास्त रडणं. सहाव्या आठवड्याच्या सुमारास जोर वाढतो, तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतो. आमचंही तसंच झालं, म्हणून श्रेय बाटलीला देत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकदा मेडिकलवाल्यानं "हेच आहे, फक्त कंपनी वेगळी" म्हणून दुसरी बाटली दिली. लेबलावर सिमेथिकोनसोबत डायसायक्लोमिन हे पोटातली कळ थांबवणारं औषध होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते द्यायचं नसतं, श्वास अडखळू शकतो. बाटली तिथेच परत केली. बायांनो, लेबल वाचा, नाही तर कोणाकडून वाचून घ्या.

उन्हाळा सुरू झाला तशी सासूबाईंची वेगळीच काळजी. "दोन चमचे पाणी तं पाज वं, जीव सुकून राह्यला लेकराचा." आशाताईंनी बसून समजावलं की सहा महिने आईच्या दुधातच पाणी असते, वरून लागत नाही. ग्राइप वॉटरही त्यामुळे टळलं. मेळघाटात पोट फुगलं म्हणून तान्ह्या पोटाला तापल्या लोखंडाचे चटके देतात, डंबा म्हणतात त्याला. कोणी सुचवलं तरी बाळाला हात लावू देऊ नका.

आम्हाला खरा आधार झाला तो प्रत्येक पाजण्यानंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढण्याचा, झोळीचा आणि यांच्या हातांचा. हे त्याला हातावर पालथं घेऊन अंगणात फिरायचे, तेवढ्यात मी दोन घास खायची. सहन होईनासं झालं तर बाळ दुसऱ्याकडे द्या किंवा खाटेवर सुरक्षित ठेवून थोडं बाहेर या, पण त्याला गदागदा हलवू नका.

ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दूध न ओढणं, अंग ढिलं पडणं, यातलं काहीही दिसलं तर ते कोलिक समजून थांबू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन लावा.