आर.ई.एम.चे १५ अल्बम : पहिल्यापासून ऐकावेत की मधूनच?

'लूझिंग माय रिलिजन' आणि 'एव्हरीबडी हर्ट्‌स' ही गाणी आवडली म्हणून आर.ई.एम. या अमेरिकन बँडचे उरलेले काम ऐकायला निघालेल्या श्रोत्यापुढे १९८३ ते २०११ या काळातले १५ स्टुडिओ अल्बम उभे राहतात. त्यांतले काही अल्बम त्या दोन गाण्यांपासून इतके दूर आहेत की, भलत्या ठिकाणी सुरुवात झाली तर हा बँड आपल्यासाठी नाही असा ग्रह सहज होऊ शकतो. सुरुवातीचे तीन मार्ग संभवतात : पहिल्या अल्बमपासून क्रमाने ऐकणे, १९९१-९२ मधल्या लोकप्रिय अल्बमांपासून मागे-पुढे जाणे, किंवा एखादे संकलन ऐकून मग ठरवणे. तिन्ही मार्ग सारखेच चांगले आहेत असे मला वाटत नाही.

क्रमाने ऐकण्याचा मार्ग सर्वांत कठीण आणि सर्वांत फलदायी आहे. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात १९८० साली मायकेल स्टाइप (गायन), पीटर बक (गिटार), माइक मिल्स (बेस) आणि बिल बेरी (ड्रम्स) हे चौघे एकत्र आले आणि १९८३ मध्ये मिच ईस्टर व डॉन डिक्सन या निर्मात्यांच्या हाताखाली 'मर्मर' हा त्यांचा पहिला पूर्ण अल्बम तयार झाला. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवले, पण आज तो पहिल्यांदा ऐकणारा माणूस गोंधळण्याची शक्यताच अधिक, कारण स्टाइपचा आवाज वाद्यांच्या वर न ठेवता त्यांच्यातच मिसळलेला आहे, शब्द अर्धवट उमटतात आणि अल्बमसोबत ते छापलेलेही नव्हते. शब्दांवाटे गाण्यात शिरणाऱ्याला हे दार बंद वाटेल. ज्याचा कान आधी वाद्यांकडे जातो त्याला मात्र येथे भरपूर सापडते : बक सगळ्या तारा एकदम न झंकारता एकेक सुटी छेडतो, मिल्सचा बेस नुसता ठेका न धरता स्वतःची चाल चालतो, आणि पार्श्वस्वर मुख्य गायनाइतकेच लक्ष वेधून घेतात.

पुढच्या चार अल्बमांत स्टाइपचा आवाज टप्प्याटप्प्याने पुढे येतो, आणि हे पुढे येणे अनुभवणे हाच क्रमाचा खरा लाभ आहे. 'रेकनिंग' (१९८४) अधिक मोकळा आणि रंगमंचावरच्या वादनाच्या जवळचा आहे. 'फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन' (१९८५) लंडनमध्ये जो बॉइड यांच्यासोबत ध्वनिमुद्रित झाला. तो मळभ दाटल्यासारखा असून पहिल्या फेरीत बहुधा आवडत नाही. 'लाइफ्स रिच पेजंट' (१९८६) मध्ये निर्माते डॉन गेमन यांनी स्टाइपला स्पष्ट गायला लावले आणि त्याच वेळी गाण्यांत पर्यावरण व राजकारण उघडपणे आले. 'डॉक्युमेंट'मधल्या (१९८७) 'द वन आय लव्ह'ने, ज्याला पुष्कळ लोक अजूनही भाबडेपणाने प्रेमगीत समजतात, या बँडला प्रथमच अमेरिकेतल्या पहिल्या दहा गाण्यांत नेले. हे पाच अल्बम सुटे ऐकले तर पाच चांगले अल्बम ऐकल्यासारखे होते. सलग ऐकले तर पुटपुटणारा एक गायक काय बोलायचे ते ठरवत गेलेला ऐकू येतो.

मधून सुरुवात करण्याचा मार्ग सोपा आहे आणि बहुतेकांना मी तोच सुचवेन, मात्र एका सावधगिरीसह. 'आउट ऑफ टाइम' (१९९१) आणि 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' (१९९२) हे या बँडचे सर्वाधिक ऐकले गेलेले अल्बम आहेत, पण ते त्यांचे नेहमीचे रूप नाही. त्या काळात त्यांनी आपली रूढ वाद्ये मुद्दाम बाजूला ठेवली होती; 'लूझिंग माय रिलिजन' उभे आहे ते बकच्या मँडोलिनवर, आणि 'ऑटोमॅटिक'मधल्या काही गाण्यांची तंतुवाद्यरचना लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या जॉन पॉल जोन्स यांची आहे. या दोन अल्बमांसाठी बँड दौऱ्यावरही गेला नाही. त्यामुळे येथून सुरुवात करणाऱ्याच्या मनात संथ, गंभीर, अकूस्टिक अशी प्रतिमा तयार होते आणि पुढचा 'मॉन्स्टर' (१९९४) लावताच ती फुटते. दोघांत निवड करायची तर मी 'ऑटोमॅटिक' घेईन. मृत्यू, वार्धक्य आणि आठवण हे विषय त्यात शेवटपर्यंत टिकून राहतात, शब्द स्पष्ट ऐकू येतात, आणि 'आउट ऑफ टाइम'मध्ये 'शायनी हॅपी पीपल'सारखी जी एखादी जागा रसभंग करते तशी येथे जवळजवळ नाही.

संकलनांविषयी थोडक्यात सांगता येईल. २००३चे 'इन टाइम' केवळ १९८८ नंतरची गाणी देते आणि तीही कालक्रमाने नाहीत. २००६चे 'अँड आय फील फाइन' १९८७ला थांबते. २०११च्या दोन सीडींच्या संकलनात मात्र दोन्ही काळांतली ४० गाणी क्रमाने लावलेली आहेत, म्हणून संकलनच घ्यायचे असेल तर ते घ्यावे. तरीही या बँडच्या बाबतीत हा मार्ग मला तोकडा वाटतो, कारण त्यांची पुष्कळशी उत्तम गाणी कधी स्वतंत्रपणे, सिंगल म्हणून, प्रसिद्ध झाली नाहीत आणि संकलनकर्त्यांची नजर साहजिकच प्रसिद्ध गाण्यांवर राहते.

या कामाची विभागणी साधारणपणे लेबलवरून, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीवरून, केली जाते : १९८७ पर्यंत आय.आर.एस. आणि १९८८च्या 'ग्रीन'पासून वॉर्नर. विकत घेताना ही विभागणी उपयोगी पडते, ऐकताना फारशी नाही. 'डॉक्युमेंट' आणि 'ग्रीन' या दोन्हींचा सहनिर्माता स्कॉट लिट हाच होता आणि हे अल्बम एकमेकांना लागूनच आहेत. खरी फट पडते ती ऑक्टोबर १९९७ मध्ये, बिल बेरी बँडमधून बाहेर पडला तेव्हा. तोवर गाण्यांचे श्रेय चौघांच्या नावे समान दिले जात होते, आणि त्यामागे केवळ औदार्य नव्हते. बेरी ड्रम्सपलीकडेही सुरावटी सुचवणारा आणि लांबलेले गाणे छाटणारा माणूस होता. म्हणून 'न्यू अ‍ॅडव्हेंचर्स इन हाय-फाय' (१९९६) पर्यंतचे दहा अल्बम पूर्ण ऐकावेत, वाटेल त्या दाराने शिरून. नंतरचे पाच निवडून ऐकले तरी चालते.

त्या दहांपैकी शेवटच्या दोहोंबाबत निर्णय घ्यावा लागतो. 'मॉन्स्टर' आज दोन रूपांत मिळतो : १९९४चे मूळ मिश्रण (मिक्स), ज्यात गिटारच्या भिंतीमागे गायन दडलेले आहे, आणि २०१९च्या आवृत्तीसाठी लिटनेच केलेले नवे मिश्रण, ज्यात आवाज पुढे आणून वाद्यांची गर्दी कमी केली आहे. नवे मिश्रण समजायला सोपे आहे, पण या अल्बमचा उद्देशच कर्कश आणि दिखाऊ असण्याचा होता. म्हणून आधी मूळ ऐकावे, निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन याच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या 'लेट मी इन'साठी तर निश्चितच. 'हाय-फाय'चा बराचसा भाग १९९५च्या दौऱ्यात, मैफलींत आणि मैफलींपूर्वीच्या ध्वनिचाचण्यांत नोंदवला गेला. याच दौऱ्यात स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे बेरीला मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकारामुळे रंगमंच सोडावा लागला होता. हा अल्बम तासाहून लांब आहे, प्रसिद्ध गाणी त्यात कमी आहेत, आणि तरीही 'मर्मर'ची धूसरता व 'ऑटोमॅटिक'चे गांभीर्य एकाच ठिकाणी हवे असल्यास त्याच्याइतका भरीव अल्बम या यादीत दुसरा नाही.

उरलेल्या पाचांत 'अप' (१९९८) पहिला घ्यावा. ड्रमवादक बँड सोडून गेल्यावर ड्रम मशीन आणि कीबोर्ड घेऊन उरलेले तिघे चाचपडत आहेत हे त्यात लपत नाही, पण ते चाचपडणे प्रामाणिक आहे. शिवाय सर्व गाण्यांचे शब्द छापलेला हा त्यांचा पहिलाच अल्बम असल्याने शब्दप्रेमी श्रोत्याला तो जवळचा वाटेल. 'रिव्हील' (२००१) गोड आणि काहीसा सैल आहे. 'अराउंड द सन' (२००४) सर्वांत शेवटी ठेवावा. त्यातली गाणी वाईट नाहीत, पण त्यांच्यातला जीव स्टुडिओत निघून गेलेला आहे. 'अ‍ॅक्सेलरेट' (२००८) नावाप्रमाणे वेगवान आणि जेमतेम ३५ मिनिटांचा आहे, तर 'कोलॅप्स इनटू नाऊ' (२०११) हा निरोपाचा अल्बम सगळ्या जुन्या शैलींतून एकेक फेरी मारतो. 'अ‍ॅक्सेलरेट' आवडला तर त्याच्या शेजारी 'लाइव्ह अ‍ॅट द ऑलिंपिया' हा प्रत्यक्ष वादनाचा अल्बम ठेवावा. २००७ मध्ये डब्लिनच्या प्रेक्षकांसमोर उघडपणे केलेल्या त्या तालमींत अर्धवट तयार झालेली नवी गाणी आणि 'मर्मर'-'रेकनिंग'च्या काळातली गाणी एकाच दमात वाजतात, आणि क्रमाने ऐकण्याचा कंटाळा करून मधूनच आलेल्या श्रोत्याला मागे वळायचे की नाही ते तेथे ठरवता येते.